बागेची यंत्रे : विक्री, दुरुस्ती आणि जबाबदारी



या व्याख्यानमालेतील अनेक विद्वानांची भाषणे मी याच सभागृहात, मागच्या बाकावर बसून ऐकली आहेत. आज व्यासपीठावर उभे राहताना मनात संकोच आहे. मी साहित्यिक नव्हे, प्राध्यापकही नव्हे. गवत कापण्याची यंत्रे, फवारणीचे पंप आणि झाडे छाटण्याच्या करवती विकणारा व दुरुस्त करणारा बेळगावातला एक लहान दुकानदार आहे. परंतु ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला सुतारकाम आणि लोखंडकाम शिकविले. त्यांच्या व्याख्यानमालेत एखाद्या वर्षी हाताने काम करणाऱ्याने बोलावे, असे संयोजकांना वाटले असावे. त्यांचा मान राखून मी माझ्या धंद्याविषयीच बोलणार आहे.

प्रथम सरांची एक आठवण सांगतो. आठवीत त्यांनी आम्हां प्रत्येकाकडून हातोडीचा एक दांडा करवून घेतला. माझा दांडा दिसायला बरा झाला होता. मात्र कानसून, पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत करण्याचा मी कंटाळा केला होता. सरांनी सर्व दांडे गोळा केले आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा दांडा देऊन वीस खिळे ठोकायला लावले. माझा दांडा ज्याच्या वाट्याला आला, त्याच्या तळहातात कुसळ गेले. सर मला रागावले नाहीत. त्या मुलाचे कुसळ काढायला त्यांनी मलाच बसविले. त्या दिवसाचा अर्थ मला फार उशिरा, आणि फार मोठी किंमत देऊन कळला. ती हकिकत पुढे ओघाने येईलच.

आपल्या गावची परंपरा

यंत्रे विकणे, दुरुस्त करणे आणि चालवायला शिकविणे ही तिन्ही कामे एकाच छपराखाली करण्याची परंपरा बेळगावला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली उभ्या केलेल्या व्यवसायाची सुरुवात याच गावात सायकलींच्या दुकानाने झाली. सायकल हीच त्या काळी नवलाची वस्तू होती. त्यामुळे ती विकणाऱ्याला ती चालवायलाही शिकवावी लागे. पुढे तेथेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाले. लोखंडाने जमीन नासेल, अशी शेतकऱ्यांच्या मनात धास्ती होती. ती घालविल्यावाचून नांगर खपणे शक्य नव्हते. शहराच्या वाढीसाठी ती जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता तेवढा राहिला. एवढ्या मोठ्या कामाशी माझ्या दुकानाची तुलना करण्याचा हेतू नाही. नवे यंत्र विकणाऱ्याचे काम पैसे मोजून घेतले म्हणजे संपत नाही, ही गोष्ट आपल्या गावाला शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

यंत्रे कोणती आणि कुणाची

मी १९९४ साली दुकान काढले तेव्हा गवत कापण्याचे यंत्र म्हणजे कॅम्पातील बंगल्यांच्या आणि सरकारी बागांच्या हिरवळीवर ढकलत न्यायचे लॉन-मोअर. त्याचा मूळ शोध इंग्लंडमधील एडविन बडिंग या कारागिराचा. कापड गिरणीत लोकरी कापडावरचे वर आलेले तंतू कापून पृष्ठभाग सारखा करणारे फिरत्या पात्यांचे यंत्र असे. त्यावरून त्याने १८३० साली हिरवळ कापण्याचे यंत्र बनविले. त्याच जातीच्या रूळाच्या यंत्रात फिरती पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून जातात आणि गवत कात्रीप्रमाणे कापले जाते. इंजिनाच्या चक्री यंत्रात मात्र एकच आडवे पाते वेगाने फिरून गवत तोडते. पहिल्याची धार चुकली तर गवत चावल्यासारखे दिसते, दुसऱ्याची चुकली तर शेंडे फाटून दोन दिवसांत पिवळे पडतात.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्याकडे ब्रश कटर आला आणि धंद्याचे रूपच पालटले. लांब दांड्याच्या एका टोकाला लहान इंजिन, दुसऱ्या टोकाला पाते किंवा नायलॉनची दोरी, आणि गळ्यात पट्टा. फिरत्या दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतील जॉर्ज बॅलास यांना १९७१ च्या सुमारास मोटारी धुण्याच्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून सुचली. खानापूर, चंदगडकडचे काजूबागायतदार, भाताच्या बांधांवरचे गवत काढणारे शेतकरी, घराभोवती चार गुंठे मोकळी जागा असलेले निवृत्त गृहस्थ, अशी गिऱ्हाइके येऊ लागली. काजूची बी झाडावरून खाली पडते. खालचा पाला-गवत साफ नसेल तर ती सापडत नाही. विळा घेऊन वाकणारी माणसे मिळेनाशी झाल्यावर हे यंत्र चैनीचे राहिले नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सायकल विकत घेणारा बहुधा स्वतःच ती चालवितो. बागेच्या यंत्राचे तसे नाही. पैसे मोजतो तो मालक; यंत्र खांद्याला अडकवितो तो गडी किंवा माळी. दुकानात येऊन आमचे बोलणे ऐकतो तो एक, आणि ज्याने ते ऐकायला हवे तो दुसराच. या धंद्यातल्या बहुतेक अडचणी मला या एका दरीतून निघालेल्या दिसतात.

दुरुस्तीची रीत

"सुरूच होईना झालंय बघा की ओ," या वाक्याने आमचा दिवस उजाडतो. नवशिका कारागीर हे ऐकताच पाना उचलतो. मी शिकाऊ मुलांना आधी तीन प्रश्नांची उत्तरे काढायला सांगतो : इंधन पोहोचते का, ठिणगी पडते का, आणि दाब धरतो का. प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल वर येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते, पण पेटत नाही. दोरी सावकाश ओढताना हाताला अडसर लागला नाही, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजला आहे असे समजावे. या तीन प्रश्नांत बहुतेक निदान होते, आणि एकही भाग उगाच बदलावा लागत नाही.

लहान दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलातच तेल मिसळावे लागते, आणि तेच आतील भागांना वंगण पुरविते. तेलाच्या जातीप्रमाणे हे प्रमाण पन्नासास एक किंवा पंचवीसास एक असते. म्हणजे एका लिटरला २० किंवा ४० मिलिलिटर. कोणते प्रमाण घ्यायचे ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. गड्याने मोटारसायकलीसारखे नुसते पेट्रोल भरले की थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला धरून बसतो आणि नव्या यंत्राचे इंजिन निकामी होते. अशा वेळी मालक गड्यावर ओरडतो. मी मात्र पहिल्यांदा स्वतःला विचारतो, की मिसळण्याचे माप मी कुणाच्या हातात दिले होते?

दुसरे उदाहरण चक्री लॉन-मोअरचे. पाते दगडावर आपटून यंत्र बंद पडते. पुढे इंधन आहे, ठिणगी आहे, दाबही आहे, तरी ते सुरू होत नाही, किंवा दोरीला उलटा हिसका बसतो. बहुतेक इंजिनांत फ्लायव्हील आणि मुख्य दांडा यांच्यामध्ये मऊ धातूची एक लहान चावी बसविलेली असते. धक्का बसला की ती चिरडते आणि दांडा वाचण्याचा संभव वाढतो; मात्र फ्लायव्हील जागेवरून सरकल्यामुळे ठिणगी अवेळी पडू लागते. ही चावी अगदी स्वस्त असते. ज्याला ती ठाऊक नाही तो कार्बोरेटर बदलतो, कॉइल बदलतो आणि गिऱ्हाइकाला हजारोंच्या खर्चात घालतो.

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक यंत्राला क्रमांकाची चिठ्ठी बांधतात. गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतात. खर्चाचा अंदाज आधी सांगतात, आणि बदललेला जुना भाग पिशवीत घालून यंत्राबरोबर परत देतात. जुना भाग पाहून बहुतेकांना काही कळत नाही हे खरे. तथापि तो परत मिळतो एवढ्यानेच कारागिरावर एक प्रकारचा धाक राहतो.

हिशेबाची बाजू

वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडा हिशेब मांडतो. समजा, वीस हजारांचे एक यंत्र विकले आणि त्यात दहा टक्के, म्हणजे दोन हजार रुपये सुटले. त्यातून जागेचे भाडे, अडकलेल्या भांडवलाचे व्याज, घासाघीस होऊन दिलेली सूट आणि पहिल्या दोन मोफत तपासण्यांची मजुरी वजा करा. हातात फारसे राहत नाही. माझे दुकान विक्रीवर उभे नाही. ते दुरुस्तीवर आणि सुट्या भागांवर उभे आहे. विकलेले यंत्र वर्षानुवर्षे माझ्याच दारात यावे, यात माझी मिळकत आहे. म्हणून जे यंत्र मला दुरुस्त करता येत नाही किंवा ज्याचे भाग मला मिळत नाहीत, ते मी विकत नाही.

सुट्या भागांचे मी तीन गट करतो. प्लग, फिल्टर, स्टार्टरची दोरी, नायलॉन, कार्बोरेटरचा पडदा हे रोज लागतात. ते भरपूर ठेवावेत. रिंगा, क्लच, कॉइल वर्षातून काही वेळा लागतात; ते एकेक-दोनदोन ठेवावेत. इंजिनाचे कवच, मुख्य दांडा हे क्वचित लागतात. ते मागणी आल्यावरच मागवावेत. आरंभी मी हा भेद पाळला नाही. पहिल्या पाच वर्षांत माझे कितीतरी भांडवल फळीवर धूळ खात पडले, आणि साध्या प्लगसाठी मात्र गिऱ्हाईक परत जात असे.

धंदा ऋतूंवर चालतो. जूनमध्ये पाऊस लागला की गवत वाढते आणि आठ-नऊ महिने कोपऱ्यात पडलेली यंत्रे एकाच आठवड्यात दारात येतात. बऱ्याच यंत्रांच्या टाकीत गेल्या हंगामातले पेट्रोल तसेच असते. ते उडून जाऊन मागे चिकट थर उरतो आणि कार्बोरेटरचे बारीक छिद्र बुजते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांच्या घरात पोहोचले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या धर्तीच्या रबरी नळ्या व पडदे त्याने लवकर खराब होतात. म्हणून यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. एवढ्याने जूनमधील निम्मी धावपळ वाचेल. मार्च-एप्रिलमध्ये यंत्र आणणाऱ्यास मी मजुरीत सवलत देतो, ती याच कारणासाठी.

गार्डची हकिकत

आता मघाशी राहिलेली गोष्ट. ब्रश कटरच्या पात्याच्या मागे, चालविणाऱ्याच्या बाजूस, एक प्लास्टिकचे अर्धगोल झाकण असते. त्याला आम्ही गार्ड म्हणतो. त्याची गरज किती, हे तुम्ही शाळेतल्या गणितानेच काढू शकता. पात्याचा व्यास २५५ मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला ७००० धरा. एका फेऱ्यात पात्याचे टोक सुमारे ०.८ मीटर अंतर कापते. म्हणजे सेकंदाला ९३ मीटर, ताशी सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक. या टोकाचा फटका बसलेला खडा बंदुकीतून सुटल्यासारखा जातो.

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये एक बागायतदार दुकानात आले. गार्डमध्ये ओले गवत अडकते, काम खोळंबते, तेवढे ते काढून द्या, असे त्यांचे म्हणणे. मी एकदा नको म्हटले. ते हसले आणि म्हणाले, "सगळेच काढतात हो." जुने गिऱ्हाईक, समोर पावसाळ्याची गर्दी. मी दोन बोल्ट काढले आणि गार्ड त्यांच्या गाडीत ठेवून दिले. माझ्या हातांनी.

चार दिवसांनी त्यांच्या गड्याच्या उजव्या डोळ्याला खडा लागला. मुलगा विशीतला होता. मालकांनी उपचारांत कसूर केली नाही, मीही जमेल तो भार उचलला. परंतु त्या डोळ्याची नजर जी अधू झाली ती कायमची. मला कुणी दोष दिला नाही. मालकांनीच मागितले होते, असे सारे म्हणाले. दोन महिन्यांनी तो मुलगा त्याच यंत्राची दोरी बदलायला दुकानात आला. मी त्याला गार्ड दाखविले आणि ते कशासाठी असते ते सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, असलं काही असतंय हेच मला कुणी सांगितलं नव्हतं."

त्या रात्री मला सरांनी माझ्यापुढे बसविलेला तो मुलगा आणि त्याच्या तळहातातले कुसळ आठवले. माझा दांडा दुसऱ्याच्या हातात जाणार होता, हे मला आठवीत दाखविले गेले होते, आणि तरी मी विसरलो. कुसळ निदान काढता तरी आले होते.

तेव्हापासून दुकानात दोन नियम आहेत. गार्ड काढलेले यंत्र दुरुस्तीला आले तर ते बसविल्याशिवाय परत जात नाही. गार्ड हरवले असेल तर नवे घ्यावे लागते. दुसरा नियम असा, की नवे यंत्र ज्याला चालवायचे आहे त्या माणसाला मालकाने बरोबर आणले पाहिजे. त्याला अर्धा तास देतो. तेल मिसळण्याचे माप त्याच्या हातात देतो. डोळ्यांना चष्मा, पायांत गमबूट, कानांत बोळे. आसपास पंधरा मीटरपर्यंत कुणी माणूस किंवा जनावर असू नये. पात्यात गवत अडकले तर आधी इंजिन बंद, मग हात. मऊ गवताला आणि भिंतीलगत नायलॉन, जाड गवताला पाते, झुडपांना दातेरी चकती. कोवळ्या झाडाच्या बुंध्याजवळ मात्र नायलॉनही नको, कारण साल सोलली गेली की झाड मरते. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. म्हणून या सूचना मी मराठीत आणि कन्नडमध्ये एका जाड पुठ्ठ्यावर छापून घेतल्या आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून एकेक कृती करवून घेतो.

या नियमांनी माझा नफा वाढला असे मी म्हणणार नाही. "तुमचं फारच आहे हो," असे म्हणून काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, त्यांतील काही परत आली नाहीत. मात्र नुसते पेट्रोल भरून इंजिन धरल्याच्या तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. काही गडी तर आता मालकाला न विचारता परस्पर येऊन प्लग साफ करून घेतात आणि यंत्राच्या आवाजात झालेला फरक मला अचूक सांगतात. यंत्राविषयी मालकापेक्षा त्यांना अधिक कळते. ते माझे खरे गिऱ्हाईक आहेत, हे ओळखायला मला बारा वर्षे लागली.

बदलता काळ

आता बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आहेत. त्यांत कार्बोरेटर नाही, तेलाचे माप नाही, दोरीही नाही. माझ्या विद्येचा बराचसा भाग त्यांच्यापुढे निरुपयोगी आहे. दोन वर्षांपूर्वी मी माझ्याच शिकाऊ मुलाकडून बॅटरी तपासायला शिकलो. तो आयटीआय झालेला आहे आणि मल्टीमीटर माझ्यापेक्षा सफाईने हाताळतो. परंतु पाते त्याच वेगाच्या घरात फिरते, खडाही तसाच उडतो. उलट आवाज कमी असल्यामुळे माणूस अधिक गाफील राहतो. म्हणून गार्ड आणि तो अर्धा तास या दोन गोष्टी त्या यंत्रांनाही लागू आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण अभियंते होतील, काही दुकाने काढतील, काही माझ्यासारखे हात काळे करतील. लहान दुरुस्तीचा धंदा हा आजही थोड्या भांडवलात उभा राहणारा, प्रतिष्ठेचा आणि पोटापुरते देणारा धंदा आहे. तो शिकायचा असेल तर माझ्या दुकानाचे दार उघडे आहे. आल्यावर पहिल्या दिवशी मी तुम्हांला इंजिन उघडायला देणार नाही. गळ्यात पट्टा अडकवून, चष्मा लावून, दुकानामागचे गवत तासभर कापायला लावीन. दुरुस्त करणाऱ्याने यंत्राचे ओझे एकदा तरी आपल्या खांद्यावर घेतलेले असावे.

सरांच्या कार्यशाळेतील ते दांडे आता नाहीत. माझा दांडा मात्र त्यांनी मला परत दिला होता, पुन्हा घासून आणण्यासाठी. तो मी घासला. आजही दुकानातील हातोडीला तोच आहे, आणि ती हातोडी बहुतेक वेळा माझ्या नव्हे, मुलांच्या हातात असते.